गिरणीच्या घरघरीखालची ओळ

सांगलीच्या स्टुडिओवाल्यानं पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "आजी, यात गाणं कमी आणि गिरणीच जास्त आहे. जेवढं साफ होतं तेवढं केलंय, मूळ कॅसेटही तशीच यात घातलीय. आता घरी जाऊन ऐका आणि देवाचं नाव घ्या."

देवाचं नाव मी कशाला घेऊ? मला माझ्या आईचं नाव पाहिजे होतं. त्या कॅसेटच्या शेवटी, गाण्याच्या शेवटच्या ओळीत ते आहे, एवढं मला पक्कं ठाऊक होतं, आणि नेमकी तीच ओळ गिरणीच्या घरघरीखाली बुडालेली. ह्या बाबानं काय केलं, तर घरघर थोडी कमी केली आणि वर आईच्या आवाजाला घुमारा लावला, लग्नाच्या ऑर्केस्ट्राला लावतात तसला. आई विहिरीत पडून गातीय की काय असं वाटत होतं. मोबाईलवरही त्यानं टाकून दिलं होतं; बसस्टँडवर बसून मी ते मोबाईलला कानाचं लावून ऐकलं आणि माझं डोकं असं तापलं की कराडची एक गाडी समोरून निघून गेली तरी मी उठले नाही.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते.

माझं माहेर आटपाडीकडचं. कोरडा मुलूख. माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि खुरपता खुरपता गाणी रचायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे गाणं डोक्यातच राहायचं. संध्याकाळी भाकरी थापताना ते म्हणून बघायची, एखादा शब्द बसत नसला तर तवा करपेपर्यंत त्याच्यावरच. आमच्या वस्तीची गायन पार्टी होती. पेटीवर मास्तर, ढोलकीवर माझे बाबा, आणि मागं दोन बायांबरोबर झील धरायला आई. जयंतीला, लग्नाला, बारशाला पार्टी जायची. पुढं बसून गाणार मास्तर. पण गाणी निम्म्याहून जास्त आईची. हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि लिहिलेलं असणं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं.

गाणं कुणी रचलं हे आमच्यात कागदावर लिहीत नाहीत. ज्यानं रचलं तो शेवटच्या ओळीत आपलं नाव घालतो. पुढं पन्नास जणांनी गायलं तरी नाव गाण्याच्या पोटातच असतं, कुणाला काढता येत नाही. निदान मला तसं वाटायचं. आईची त्यात आणखी एक रीत होती. नावाची ओळ आली की ती हात वर करायची. ढोलकी बंद, पेटी बंद. जरा थांबायची, आणि मग ती एक ओळ कशाचीही साथ न घेता म्हणायची. ओळ संपली की बाबांची थाप पडायची.

यंदा वस्तीतल्या मंडळानं जुन्या गाण्यांची पुस्तिका काढायचं ठरवलं. चांगली गोष्ट आहे. कच्ची पानं मोबाईलवर आली. मी चष्मा पुसून एकेक पान बघत गेले. "खुरपं टांग गं खुंटीला, लेकी, वही घे हातात." माझ्या आईचं गाणं. आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात, रचना म्हणून, मास्तरांचं नाव.

मास्तर जाऊन जमाना झाला. त्यांचा मुलगा मंडळाचा अध्यक्ष आहे. फौजेतून निवृत्त होऊन आला आणि तेव्हापासून सगळ्या वस्तीला परेडला उभं केल्यासारखं वागवतो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आमच्याच दारात वाढलेला. मी लगेच फोन लावला.

"आक्का, जयभीम. कशा हाय?"

"जयभीम. बरी हाय. पान बगितलं. माज्या आईचं गानं तुज्या बापाच्या नावावर कसं चढलं रं?"

"आक्का, आसं काय बोलताय? शेवटच्या ओळीत आमच्या बाबांचं नाव हाय. समदी वस्ती तसंच म्हनती."

"वस्ती म्हनती कारन तुज्या बापानं तसं शिकीवलं. आईनं तिचं नाव घातलं हुतं. माज्याकडं कॅसेट हाय."

"मग ऐकवा की. मी फौजी मानूस, पुरावा बगून सही करनार. पंधरा दिवसांत पानं छापखान्यात जानार, नंतर मला बोलायचं न्हाई."

पुरावा म्हणे. माझ्या आईनं माझ्यासाठी केलेलं गाणं, आणि पुरावा मी द्यायचा! सातवी झाल्यावर मला शाळेतून काढली. बाबा म्हणाले, बास झालं. आईनं घरात पुष्कळ भांडून बघितलं, कुणी ऐकलं नाही. मग तिनं हे गाणं रचलं. गावोगाव गायलं. लेकीला शाळेत घाला म्हणून लोक टाळ्या वाजवायचे, ढोलकीवर बाबाच असायचे, आणि घरी मी भाकऱ्या थापत असायची. त्या गाण्यानं कुणाच्या मुली शाळेत गेल्या असतील तर गेल्या असतील. मी शिवणाचं मशीन घेतलं.

कॅसेट खरीच होती. आमचे हे कराडला कारखान्यात कामाला होते, तेव्हा त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला होता आणि माहेरी गेलो तेव्हा हौसेनं बरोबर नेला होता. माझा थोरला तेव्हा मांडीवर होता. भर दुपारी समाजमंदिरात पार्टीची तालीम चालली होती; ह्या गाण्याला तोवर नावाची ओळ नव्हती, ती आई त्या दिवशी जोडणार होती. आणि भिंतीला भिंत लागून पिठाची गिरणी. गिरणीवाल्याला कोण थांबवणार? बाया दळण घेऊन रांगेत उभ्या. ह्यांनी बटण दाबलं आणि गिरणीसकट सगळं भरून घेतलं. ती कॅसेट मी एवढी वर्षं स्टीलच्या डब्यात, जरीच्या साडीच्या घडीत जपली. वाजवून कधी बघितली नाही; आहे, एवढंच पुरायचं.

तर स्टुडिओवाला. निघताना त्याला मी म्हणाले, "अहो, ही घरघर पूर्ण काढायला काहीतरी असेल की." तो म्हणाला, "आहे एक सॉफ्टवेअर. फुकट आहे. त्यात घाण कुठली ते आपण हातानं दाखवायचं, मग तेवढीच ते काढतं. पण ते लिनक्सवर चालतं. तुमच्याकडं विंडोज असणार. तुम्हाला नाही जमायचं ते, सोडा."

सोडा. माझ्या आयुष्यात हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की तो ऐकला की मला हातातली कात्री फेकून मारावीशी वाटते.

कराडशेजारी मलकापूरला घरी आले आणि मुलाचा जुना कॉम्प्युटर चालू केला. मुलगा पुण्याला गेला तेव्हा जुनं कपाट मागं राहतं तसा तो मागं राहिला होता. हळूहळू मी त्याच्यावर हात बसवला. ब्लाउजची मापं त्यात ठेवते, गळ्याचे नमुने बघते, मराठीत लिहिते. हेही त्याच्यावरच लिहितेय. कुणी शिकवलं नाही. मशीनही मी तसंच शिकले, उघडून.

मुलाला फोन केला.

"आई, लिनक्स म्हणजे वेगळंच असतं गं सगळं. त्या मशीनला नाही झेपायचं. मी आलो की बघतो."

"कधी येतोस?"

"बघू. मे महिन्यात जमेल."

"मे महिन्यात तुझ्या आजीचं नाव पुसून, त्याच्यावर शाई वाळून झाली असेल."

"तू लगेच चिडतेस, आई."

लगेच? त्याला म्हणाले, बाळा, मी सातवीपासून चिडलेली आहे, तुला आत्ता दिसलं. आणि फोन ठेवला.

मोबाईलवरची दोन ॲप आधी करून बघितली. त्यांना ढोलकी म्हणजेच घाण वाटायची. पहिल्यानं बाबांना गाण्यातून साफ उचलून बाहेर ठेवलं. दुसऱ्यानं आईचा आवाज असा केला, जशी बँकेच्या फोनवरची बाई. मग लक्षात आलं की घाण कुठली हे दुसऱ्या कुणी ठरवून चालणारच नाही. ते मलाच दाखवायला पाहिजे. म्हणजे तेच सॉफ्टवेअर पाहिजे, म्हणजे लिनक्स पाहिजे.

विंडोज न काढता, त्याच्या पोटातच लिनक्स बसवता येतं असं वाचलं. सगळी माहिती इंग्रजीत. मोबाईलचा कॅमेरा पडद्यावर धरायचा, तो मराठी करून दाखवतो, ते वहीत लिहून घ्यायचं आणि मग करायचं. आणि त्या लिहिणाऱ्यांचा मला जो राग आलाय, तो मी मरेपर्यंत जाणार नाही. प्रत्येक ओळीत 'फक्त'. फक्त ही काळी खिडकी उघडा. फक्त ही आज्ञा लिहा. फक्त कॉम्प्युटर बंद करून चालू करा. अरे, फक्त असतं तर मी इथं आले असते का? मी गिऱ्हाइकाला म्हणते का, फक्त कापड कापा आणि फक्त बाही जोडा? बाही जोडताना बाई रडकुंडीला येते हे मला माहीत आहे, म्हणून मी तिच्याजवळ बसते.

काळ्या खिडकीत आज्ञा लिहिली. लाल अक्षरात उलट उत्तर आलं. कॅमेरा धरला तर म्हणे, कॉम्प्युटरच्या आतली एक सोय बंद आहे, ती आधी चालू करा. ती कुठं असते? तर कॉम्प्युटर चालू होत असताना, विंडोज यायच्या आत एक बटण दाबत राहायचं, म्हणजे निळी पाटी येते, तिच्यात असते. मी बटण दाबायला उशीर करायची आणि विंडोज यायचं. परत बंद, परत चालू. सहाव्या खेपेला निळी पाटी आली. त्यात शंभर गोष्टी. चुकीच्या गोष्टीला हात लागला तर मशीनच बसायचं, ही भीती वेगळीच. मी एकेक शब्द वहीतल्याशी ताडून बघितला, सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरून ती सोय चालू केली.

एकदाचं लिनक्स आलं. आल्या आल्या त्यानं माझं नाव विचारलं. दिलं. मग परवलीचा शब्द विचारला. मी लिहायला लागले तर पडद्यावर काही उमटेचना! एक ठिपका नाही, चांदणी नाही, काही नाही. कीबोर्ड गेला असं समजून मी तो उलटा केला, झटकला. पिठाचा चुरा, दोऱ्याची तुसं आणि एक हूक निघालं. दातांच्या जुन्या ब्रशनं घासला. परत लिहिलं, परत काही नाही. तास-दीड तास मी त्या आंधळ्या खिडकीशी भांडले. शेवटी कुणीतरी कुठंतरी लिहिलेलं सापडलं की ते मुद्दामच उमटत नाही, आत सगळं जात असतं, तुम्ही लिहा आणि एंटर दाबा. हे आधी सांगायला काय तोंड दुखत होतं का?

लिहिलं, एंटर दाबला, घेतलं त्यानं.

मग आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर उतरवायची आज्ञा. अक्षरांचा असा पूर खाली वाहत गेला की मी खुर्ची मागं घेतली. पण उघडलं. पांढऱ्या खिडकीत माझ्या आईचा आवाज काळ्या रेघांच्या झुडपासारखा दिसत होता. बघून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. वाजवायचं बटण दाबलं. आवाज नाही. फुसफुस, चटचट, बास. लिनक्सचा आवाज विंडोजच्या स्पीकरपर्यंत येतच नव्हता. त्याच्यावर परत दहा पानं, परत 'फक्त'. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी एक अस्तराचा ब्लाउज शिवत होते. ब्लाउज आपण उलट्या बाजूनं शिवतो आणि सुलटा करून बघतो. शिवताना कधी दिसतो का तो? मशीनवरून तशीच उठले. आवाज तिकडं लिनक्समध्ये साफ करायचा, फाईल डी ड्राइव्हमध्ये टाकायची आणि इकडं विंडोजमध्ये ऐकायची. लिनक्सला गाता नाही आलं म्हणून माझं काय अडलं? त्यानं फक्त धुवायचं. वाळत मी इकडं घालीन.

बघा, 'फक्त' मलाही लिहिता येतं.

आता घाण दाखवायची. नुसती घरघर असेल, कुणी बोलत-गात नसेल, असा तुकडा निवडून द्यायचा, मग सॉफ्टवेअर तसली घरघर सगळ्या गाण्यातून काढतं. शक्यतो ज्या ओळीचं काम आहे तिच्या जवळचाच तुकडा घ्या असं लिहिलं होतं. मला इतका आनंद झाला! आईची रीतच ती. शेवटच्या ओळीआधी ढोलकी बंद, पेटी बंद. गाण्यात एवढी एकच जागा रिकामी. आईनंच माझ्यासाठी सोडून ठेवल्यासारखी. तेवढा तुकडा माऊसनं रंगवला, हीच घाण म्हणून सांगितलं आणि काम सोडलं.

ऐकलं तर आईचा आवाज पत्र्याच्या डब्यात दगड घालून हलवल्यासारखा. सगळ्या गाण्याचं वाटोळं. आणि नावाची ओळ तर साफ भुगा झालेली. मी टेबलावर अशी हाताची थाप मारली की शेजारीण खिडकीत आली. "काय पडलं का वं?" "न्हाई," म्हटलं, "मीच पडले."

दुसऱ्या दिवशी मूळ कॅसेटचा तोच तुकडा, तेवढाच, कानाचं घट्ट बसवून ऐकत बसले. परत परत. एवढी घरघर काढताना आईचा आवाज का गेला, हे काही समजेना. आणि वीस-पंचवीस वेळा ऐकल्यावर लक्षात आलं. तिथं रिकामं नव्हतं. घरघरीच्या खाली कुणीतरी बोलत होतं. आणि बोलणाऱ्यांत आई होती. म्हणजे मी तिचाच आवाज घाण म्हणून दाखवला होता, आणि त्या सॉफ्टवेअरनं सांगितलं तसं इमानानं तो सगळ्या गाण्यातून उपटून काढला होता.

मग दुसरा तुकडा शोधला. कॅसेटच्या अगदी सुरुवातीला, "चालू झाला का बघ" असं हे म्हणतात त्याच्याही आधी, नुसती गिरणी आहे. आठ-दहा सेकंद, स्वच्छ घाण. ती दाखवली. घाई केली नाही. थोडं धुतलं, ऐकलं, परत थोडं धुतलं. तिसऱ्या धुण्याला गिरणी लांब गेली. गल्लीच्या पलीकडं चालल्यासारखी.

ढोलकी थांबते. पेटी थांबते. आणि आई विचारते, "आता नाव कुनाचं घालू?"

मास्तर म्हणतात, "कुनाचं म्हंजे? पार्टी कुनाची हाय?"

"गानं म्या केलंय न्हवं." हे ती हसत म्हणते. शेजारणीकडं मीठ मागावं तशी.

"आगं, बाईचं नाव शेवटाला आलं की लोकं हसत्यात. माजं घाल. तुजं फुडच्या गान्याला बगू."

 आणि मग ढोलकीवर एक थाप. माझ्या बाबांची. ते काही बोलले नाहीत. बायकोची बाजू नाही, मास्तरांची नाही. थाप दिली, म्हणजे चला. आणि आईनं मास्तरांचं नाव घालून ओळ म्हटली. मोकळ्या गळ्यानं. आवाज कुठं कचरला नाही, बसला नाही. तेच माझ्या जास्त जिव्हारी लागलं. थोडा तरी बसायला पाहिजे होता.

त्या दिवशी मी ज्याच्यावर चिडले नाही असं माणूस उरलं नाही. मास्तरांवर तर होतेच. बाबांवर जास्त. आईवर सगळ्यात जास्त. बाई, म्हणायचं नाही मी! उठायचं, पदर झटकायचा आणि चालू लागायचं! आणि मग थोरल्याचं रडणं ऐकू आलं. कॅसेटमध्ये. लहान बाळाचं कुरकुरणं, आणि माझा आवाज, "गप रं, गप." म्हणजे मी तिथंच होते. चार हातांवर. हे सगळं माझ्या कानादेखत झालं आणि माझं लक्ष मांडीवर होतं. आणि नंतर एवढी वर्षं मी मनाशी धरून बसले की आईनं स्वतःचं नाव घातलं. कुठून आणलं मी ते? मला पाहिजे होतं, तिथून आणलं.

आता खरं सांगते. फाईल समोर उघडी होती. कुठून कुठपर्यंत रंगवायचं आणि कुठलं बटण दाबायचं, हे सगळं तोवर हातात बसलं होतं. आईचं "गानं म्या केलंय न्हवं" एवढंच ठेवायचं आणि पुढचं कापून टाकायचं. नावाची ओळ गेली, कॅसेट खराब होती म्हणायचं. कापणं मला चांगलं येतं. चाळीस वर्षं कापतेय, जोड दिसत नाही. बोट बटणावर होतं. पण एकीचं तोंड बंद करून गाणं नीट करायचं काम आधीच एकदा झालेलं होतं. मी कॉम्प्युटर बंद केला.

पानं छापखान्यात जायला दोन दिवस होते. सकाळची गाडी धरली, विटा करून आटपाडीला उतरले, आणि वस्तीत अध्यक्षांच्या दारात. त्याची बायको चुलीवरचं उतरवत होती. "या, आक्का. उनाच्या आल्यासा. पानी घ्या आदी." मी पाणी घेतलं आणि मोबाईल काढला.

"ऐक," त्याला म्हटलं. "तुज्या बापाचं नाव हाय शेवटाला. तू बरोबर हुतास. पर ऐक."

बरोबर होतास म्हटल्यावर गडी खूश. छाती काढून उभ्या उभ्याच कानात घातलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. मला ते तोंड पडलेलं बघायचं होतं. त्यासाठीच एवढा घाट घातला होता. "आता नाव कुनाचं घालू" इथं त्यानं भुवया उचलल्या. आणि मग तो खाली बसला. ओट्यावर, चपलांच्या शेजारी.

"हे बाबा हायत," म्हणाला.

"मग आनि कोन?"

"आक्का, परत लावा."

परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो पुसतही नव्हता. "आमच्याकडं फोटू हाय बाबांचा. आवाज न्हाई. एक सुदिक न्हाई. मी बॉर्डरला हुतो ते गेले तवा."

मला इतका संताप आला! त्याच्या बापाला उघडं पाडायला मी लिनक्स शिकले, आणि ह्याला मिळाला काय, तर बाप! आई काय बोलली, बाप काय बोलला, ते त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. त्याला नुसता गळा ऐकू येत होता.

त्याच्या बायकोनं त्याच्या एका कानातलं काढून आपल्या कानात घातलं. ऐकलं. आणि ती हसायलाच लागली, पण चांगलं हसू नव्हे ते. "आवं, मामंजी आसंच बोलायचे. फुडच्या येळंला बगू. मला म्हनले, औंदा पाटल्या ऱ्हाऊ द्या, फुडच्या दिवाळीला बगू." मनगटं पुढं केली. "बगताय न्हवं, आक्का? मी बी अजून फुडच्या दिवाळीचीच वाट बगती."

तेव्हा कुठं त्याचं तोंड पडलं. बायकोनं पाडलं, मी नाही.

"ही मला द्या, आक्का," तो हळू म्हणाला. "पाया पडतो."

"पाया पडू नको. देती. आदी छापखान्याला फोन लाव."

"ओळ बदलू?"

"ओळीला हात लावायचा न्हाई. आईनं म्हटली तशीच ऱ्हाऊ दे, लोकांना कळू दे. गान्याच्या वर, रचना कुनाची, तिथलं नाव बदल."

त्यानं फोन लावला. फौजेतल्या आवाजात म्हणाला, "हॅलो. पुस्तिकेचं. खुरपं टांग गं खुंटीला, त्या पानावर वरचं नाव कॅन्सल. नवीन घ्या लिहून." आणि थांबला. फोन छातीला लावला, माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं. बायको चुलीकडं बघायला लागली.

"आक्का," म्हणाला, "काकीचं नाव काय वं?"

आमच्या घरची भाकरी खाऊन मोठा झालेला. ताप आला की माझ्या आईच्या मांडीवर पडणारा. तिची गाणी फौजेत बरॅकमध्ये गायलो असं छाती ठोकून सांगणारा. जन्मभर ती काकी. वस्तीला ती ढोलकीवाल्याची बायको. बास.

मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि छापखान्यातल्या माणसाला आईचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "पुढं सौभाग्यवती का श्रीमती?"

"कायबी न्हाई."

"बरं, मग यजमानांचं नाव सांगा. आणि आडनाव."

मला ती थाप ऐकू आली. एकच, कोरडी.

"यजमान नको," मी म्हणाले. "तिचं नाव आनि तिचं आडनाव. मोठ्या अक्षरात. आता वाचून दाखवा."

त्यानं वाचलं. पण त्याच्या मागं छपाईचं मशीन घरघर करत होतं, मला नीट लागेना.

"मशीन बंद करा," मी म्हणाले, "आनि परत वाचा."